पुरसोकाकांचं उलटं इंजिन

आमचे शेजारी पुरसोकाका दर रविवारी सकाळी लिंबाएवढ्या एका इंजिनाला गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं देवाला घालायचं असतं, इंजिनाला नव्हे, एवढं मलाही कळतं. पण काकांच्या अंगणात उभं राहिलं की ते नेमकं कोणाला घालतायत हे सांगणं कठीण जातं. स्टुलावर विमान, विमानाच्या नाकावर इंजिन, इंजिनासमोर विडा आणि नारळ, आणि काका डोळे मिटून, हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान ह्यां इंजिन चालू करूक घेतलां हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हे मी म्हणायचं. गाऱ्हाण्याला होकार देणारं दुसरं माणूस लागतंच. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं पोचत नाही, असं काकांचं ठाम मत आहे.

"तां एका फटक्यात पेटांदे. सुलट्यान फिरांदे. माजां बोट शाबूत रवांदे."

"व्हय म्हाराजा."

यातली बोटाची मागणी सर्वांत निकडीची. इंजिन सुरू करायला त्याचा छोटा पंखा बोटाने फटकन फिरवावा लागतो, आणि पेटल्याबरोबर तो बोटाची वाट न बघता फिरायला लागतो. त्यामुळे काकांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला मी आजवर पट्टीशिवाय पाहिलेलं नाही.

मी पेडण्याच्या हायस्कुलात मराठी शिकवतो. इंजिनाशी माझा संबंध स्कूटरला किक मारण्यापुरता. या वाड्यावर राहायला आलो तेव्हा काकी जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्याच रविवारी कुंपणापलीकडून हाक आली, "मास्तर, वाईच शेपटी धरूक येवा." कोणाची शेपटी, हे विचारायला म्हणून मी गेलो, तो अजून जातोच आहे.

काका वास्कोच्या बंदरात क्रेन चालवायचे. गोवा सुटल्यानंतर काही वर्षांनी लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच. एका परदेशी बोटीवरच्या खलाशाने त्यांना हे इंजिन आणि विमान लांबून चालवायचा रेडिओ दिला, आणि काकांनी त्याला काजूची फेणी आणि एक पिकलेला फणस दिला. फणस बोटीवर नेल्यावर त्या खलाशाचं काय झालं, याची काकांना अजून काळजी वाटते. विमान मात्र त्यांनी घरीच केलं, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं, वर पतंगाचा कागद.

हे इंजिन पेट्रोल पीत नाही. त्याला लागतं एक जळाऊ स्पिरिट आणि त्यात एरंडेल. स्पिरिट काका म्हापशाहून आणतात. एरंडेल नाक्यावरच्या दुकानातून, मोठी बाटली, पुन्हा पुन्हा. दुकानदाराने एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काकांचां पोट आता तरी साफ जाता काय नाय?" मी विमानाबद्दल सांगितलं. त्याने माझ्याकडेही त्याच दयेने पाहिलं आणि केळी खाऊन बघायला सांगितलं.

इंजिन समजावून घ्यायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. त्याच्या डोक्यावर एक बारीक तार असते. ती बॅटरीने लाल करायची, इंजिन पेटलं की बॅटरी काढून घ्यायची, तरी तार लालच राहते.

"मग बॅटरी कशाला?" मी म्हणालो.

"पेटवूक."

"म्हणजे बॅटरीवर चालतं."

"तसां न्हय मरे, मास्तर," काका म्हणाले. हे त्यांचं पालुपद. मी काहीही म्हटलं तरी ते तसं नसतं. कसं असतं ते ते सांगतात, आणि ऐकल्यावर मला आधी जे थोडंफार कळलं होतं तेही जातं.

त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे हे इंजिन कधी कधी उलटं पेटतं. आवाज तोच, जोर तोच, पण पंखा उलट्या बाजूला फिरतो आणि विमानाला पुढे ओढायच्या ऐवजी मागे ढकलतो. म्हणून शेपटी धरणारा माणूस लागतो. वारा त्याच्या तोंडावर आला तर सुलट, पुढे उभ्या असलेल्या काकांकडे गेला तर उलट. मराठीच्या शिक्षकाला जमेल असं एवढं एकच काम त्या अंगणात होतं, आणि मी ते मन लावून करायचो.

त्यानंतर इंधनाची नळी चिमटीत धरून इंजिन बंद करायचं, आणि आत जाऊन पांढऱ्या वाटाण्यांची पातळभाजी आणि पोदेराच्या भट्टीतले उंडे, म्हणजे गोल पाव, खायचे. वाटाणे काका आदल्या रात्री भिजत घालतात. विमान मात्र सड्यावर, गावामागच्या उघड्या माळावर नेऊन उडवायचं राहूनच जायचं. कधी आवाज बरा नसायचा, कधी वारा पडलेला असायचा, कधी काकांना आभाळच पसंत नसायचं.

मध्यंतरी एका रविवारी इंजिन पहिल्या फटक्यात पेटलं. वाऱ्याने माझ्या खांद्यावरचा टॉवेल उडून तुळशीत पडला.

"काका, सुलट! सगळा वारा माझ्याकडे येतोय."

काकांनी कान लावून ऐकलं, आणि नळी चिमटीत धरली.

"आवाज बरो न्हय."

मग मात्र माझा तोल सुटला. "काका, मी आल्यापासून ही शेपटी धरतोय. आज सड्यावर जाऊ या. पडलं तर पडलं. तुम्हाला ते उडवायचं आहे की नाही?"

काका मला घेऊन आत गेले. भाजी वाढली, उंडा मोडला, आणि मग म्हणाले, "तुमच्या आदी शेपटी ती धरी."

भिंतीवर काकींचा फोटो होता. काकांनी मानेने तिकडे खूण केली.

"दर खेपेक सांगी, 'उलटां फिरता ओ, वारो तुमच्याकडेन जाता.' मगे मी बंद करी. आमी चाय पियी, गजाली करी, आयतार सरी."

"मग बिघाड काय होता?"

"काय येक नव्हतो."

"म्हणजे काकींना वारा कळत नव्हता?"

"तसां न्हय मरे, मास्तर. सुलटां फिरलां काय एरंडेलाचे थेंब मागे उडतत. तिच्या लुगड्यार थेंबच थेंब. माज्या आंगार येक नाय." काका गालातल्या गालात हसले. "आठवडोभर मी वास्कोक. तिका येक आयतार काय तो मिळी. इंजिन सुलटां आसा म्हटल्यार मी सड्यार जातलंय, ती घरात येकटी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कित्याक बोलतलंय?"

मला वाटलं गोष्ट संपली. आता तर आठवडाभर घरीच असता, कोणी अडवत नाही, मग आता काय, असं मी विचारलं. काकांनी उंड्याचा तुकडा भाजीत बुडवला.

"उडलां काय संपलां मगे," ते म्हणाले. "मास्तर येतत ते विमान कधी उडता बघूक. उडल्यार कित्याक येतले?"

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे जे सुचलं ते शाळेतल्या निबंधासारखं होतं. मी आणखी एक उंडा मागितला.

पुढच्या रविवारी विडा, नारळ, सगळं होतं तसंच. "सुलट्यान फिरांदे, म्हाराजा," काका म्हणाले, आणि मी "व्हय म्हाराजा" जरा पुटपुटलोच. इंजिन एका फटक्यात पेटलं. वारा असा तोंडावर आला की केस उभे राहिले, आणि चष्म्यावर एरंडेलाचे इतके थेंब उडाले की समोरचे काका मला दिसेनासे झाले.

"काका," मी ओरडून म्हणालो, "उलटं फिरतंय. सगळा वारा तुमच्याकडे जातोय."

काकांनी नळी चिमटीत धरली. इंजिन थांबलं. ते माझ्याजवळ आले, माझ्या चष्म्यावरचे थेंब त्यांनी बघितले. मग दोरीवरचा जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"पुसा," ते म्हणाले. "आणि बसा. आज वाटाणे मी जास्तच भिजयलंय."