फाउंडरचं मौनव्रत

वेळेचं नियोजन या विषयात अख्ख्या ठाणे पूर्वेत माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! दिवसाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग द्यायचा, कामाच्या वेळी फोन फ्रीजवर ठेवायचा. स्टार्टअपवाले जे जे करतात ते सगळं मी करतो. फरक एवढाच, की ते काचेच्या ऑफिसात करतात आणि मी कोपरीतल्या आमच्या दोन खोल्यांत, आईच्या देखत करतो.

माझी कंपनी म्हणजे 'हजर' नावाचं अ‍ॅप. नळ गळला की बटण दाबायचं, प्लंबर सांगितल्या वेळेला हजर! कंपनीत माणूस एकच. मी. नोकरी सोडली तेव्हा बायकोने, संचिताने, वर्षभराची मुदत दिलेली. ती येत्या शनिवारी संपत होती. त्याच दिवशी जागृती मॅडमना ऑनलाइन डेमो दाखवायचा होता. या मॅडम नव्या कंपन्यांत पैसे घालतात. त्यांनी हो म्हटलं तर 'हजर' जगणार. नाही म्हटलं तर सोमवारपासून मी माझ्या मेहुण्याच्या, मयूरच्या, डोंबिवलीतल्या टाइल्सच्या दुकानात! मयूरने काउंटरमागे माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवलेली. मनाने सोन्यासारखा माणूस आहे हो, पण मला बाथरूमच्या टाइल्स विकायच्या नव्हत्या!

आणि अ‍ॅप अजून अर्धवट. कारण? व्यत्यय!

"आई, मी डीप वर्क करतोय. दोन तास हाक मारू नकोस."

"नाही मारत. फक्त एवढं सांग, दुधी करू की दोडका?"

दार लावून बसलो, तर आईला वाटलं ताप आला. ती वाफाऱ्याचं पातेलं घेऊन आत! दारावर 'कृपया व्यत्यय आणू नये' असा कागद चिकटवला, तर तो का चिकटवला हे विचारायला अख्खा मजला बेल वाजवून गेला.

मग रविवारी मला ती कल्पना सुचली! श्रावण चालू होता. श्रावणात आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचा काहीतरी नेम असतो. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी मौनाने जेवतं. आणि नेम धरलेल्या माणसाला छळायची कुणाची टाप नसते! डीप वर्कला कुत्रंसुद्धा विचारत नाही, पण नेम म्हटलं की सगळे चिडीचूप.

"आई," मी जेवताना जाहीर केलं, "उद्यापासून मी मौन धरणार. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा."

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "संचिता, ऐकलंस? ऋतूचे बाबा गेल्यापासून या घरात कुणी नेम धरला नव्हता गं!"

संचिता गालातल्या गालात हसली. तिला सगळं कळलेलं.

आईने लगेच शेजारच्या रंगूबाई आज्जींना बोलावलं. नेमधर्मात आमच्या बिल्डिंगचं सुप्रीम कोर्ट म्हणजे आज्जी!

"नऊ ते सा? हापिस हाय का त्ये?" आज्जी कडाडल्या. "मौन म्हंजी मौन! शनवारी सांजच्याला उद्यापन हुईस्तवर एक शबुद न्हाई. आन् कागदावर, मोबाइलवर लिवूनबी सांगायचं न्हाई!"

"आणि लॅपटॉप?" मी घाबरत विचारलं.

"त्यात तू काय लिवतोस त्ये कुनालाच कळत न्हाई. त्ये चालंल."

मला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. पूर्ण आठवडा शांतता!

सोमवारी सकाळी खरंच स्वर्ग होता. तासभर. मग आई दोन पिशव्या घेऊन समोर उभी.

"ऋतू, तू काही बोलू नकोस हं, तुझं मौन आहे. फक्त गिरणीतून दळण आण."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जगातलं सगळं टाइम मॅनेजमेंट एकाच शब्दावर उभं आहे. 'नाही'! आणि नेमका तोच शब्द मी आठवडाभरासाठी बंद करून बसलेलो!

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"बरोबर, दोन्ही पिशव्या वेगळ्या दळायच्या. शहाणं गं माझं बाळ!"

बातमी मजलाभर पसरली. मंगळवारी रंगूबाई आज्जी माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि सुनेची कहाणी सांगायला लागल्या. बारशापासून! दुपारचा चहा आला तेव्हा सुनेचं लग्न ठरत होतं. "तुज्यावानी ऐकून घेनारा मानूस जल्मात बघितला न्हाई," असं म्हणून आज्जींनी डोळे पुसले आणि उद्या पुढचं सांगते म्हणाल्या.

बुधवारी सोसायटीचे चेअरमन मारुतीकाका मला हाताला धरून मीटिंगला घेऊन गेले. पार्किंगवरून सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले.

"आपल्याला असा सेक्रेटरी पाहिजे," काका गरजले, "जो कुणाची बाजू घेणार नाही, उलट उत्तर देणार नाही! मी ऋतुराजचं नाव सुचवतो. ऋतुराज, तुझी काही हरकत असेल तर आत्ताच बोल!"

बोल म्हणे!

"बिनविरोध!" टाळ्यांचा कडकडाट! लगेच पाण्याच्या टाकीची चावी माझ्या हातात.

गुरुवारी संचिताही आली. "दिवाळीत माझ्या माहेरी राजापूरला पूर्ण सुट्टीभर राहायचं. चालेल ना? छान!" मग ती एकदम माझ्याशेजारी खाली बसली. "ऋतू, खरं सांगू? मुदत मीच दिलेली, पण तुला त्या काउंटरमागे बघायची कल्पनाच मला सहन होत नाहीये. हे आज बोलले, कारण आज तू मध्ये तोंड घालणार नाहीस. संपव रे ते अ‍ॅप!"

मला भरून आलं. तिचा हात तेवढा घट्ट धरला.

"कळलं," ती म्हणाली. "आता कुकर लाव."

मग मात्र मी पेटलो! ठरवलं, आभाळ कोसळलं तरी शनिवारपर्यंत अ‍ॅप उभं करायचंच! गिरणीच्या रांगेत लॅपटॉप, गच्चीवर टाकीच्या झाकणावर लॅपटॉप. एका कानाने आज्जींच्या सुनेचं पहिलं बाळंतपण ऐकत मी पैसे भरण्याचं पान लिहिलं. शुक्रवारी संध्याकाळी 'हजर' पूर्ण झालं! आता उद्या गच्चीचं दार आतून लावायचं, मॅडमशी हळू आवाजात बोलायचं, आईला पत्ता लागू द्यायचा नाही. बेत पक्का!

शनिवारी सकाळी मी जिना चढतच होतो, तेवढ्यात मॅडमचा मेसेज: 'कोपरीतच आलेय. ऑनलाइन कशाला? घरीच येते.'

मी धावत खाली आलो. मॅडम आमच्या दारात चपला काढत होत्या! आणि आत उद्यापनाची तयारी. घरभर पुरणाचा वास, जमिनीवर पोळपाट, त्याभोवती मजल्यावरच्या सगळ्या बायका.

"नमस्कार! फाउंडर आपणच ना?" मॅडम आत येऊन बसत म्हणाल्या. "सांगा, काय करते तुमची कंपनी?"

आईकडे पाहिलं. पुन्हा मॅडमकडे पाहिलं. डोळ्यांसमोर मयूरची खुर्ची आली. माफ कर आई, असं मनात म्हणून मी तोंड उघडलं, "मॅड..."

"मोडतंय! मोडतंय!" रंगूबाई आज्जी ओरडल्या आणि त्यांनी पुरणाचा अख्खा गोळा माझ्या तोंडात कोंबला!

गोळा गरम होता हो!

"त्याचं मौन आहे," आई पदर खोचत पुढे आली. "मी सांगते. मोरीत पाणी तुंबतं. प्लंबर म्हणतो 'आलोच' आणि येत नाही. हा त्याला आणतो. झालं."

मॅडम ताठ बसल्या. "आणि तरीही नाही आला तर?"

या प्रश्नावर मी आकृत्यांसकट मोठं प्रेझेंटेशन केलेलं.

"त्याच्या आईला फोन करायचा," आई म्हणाली. "टिटवाळ्याचा प्रीतम आहे ना, त्याने दोनदा टांग मारली. मी केशरबाईंना, त्याच्या आईला, फोन लावला. तिसऱ्या वेळी मी उठायच्या आत दारात येऊन बसलेला!"

मॅडमना हसू आवरेना. मी लाल जीभ सांभाळत लॅपटॉप पुढे सरकवला. आईने बटण दाबलं. पडद्यावर प्रीतमचं नाव आणि तासाभरानंतरची वेळ आली. मी दाराकडे बघत बसलो. सांगितल्या वेळेला बेल वाजली! दारात प्रीतम, हातात पाना! चाललं! माझं अ‍ॅप चाललं! संचिताने सगळ्यांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातला.

मॅडमनी पुरणपोळीचा शेवटचा घास संपवला आणि हात पुसले.

"मी पैसे घालते. पण एक अट. प्लंबरांशी, गिऱ्हाइकांशी आणि माझ्याशी आई बोलतील. कंपनीच्या प्रमुख त्या. तुम्ही आतल्या खोलीत बसून कोड लिहायचा आणि मध्ये बोलायचं नाही. चालेल? नसेल चालणार तर स्पष्ट नाही म्हणा."

कल्पना माझी! अ‍ॅप माझं! वर्षभर रक्त आटवलेलं ते मी! कडाडून विरोध करणार होतो हो, अगदी ओठांवर आलेला.

पण उद्यापन संध्याकाळी होतं.