तात्यांची म्हस आणि चार बोटं

पाहुणा दारात आला की माणसं आधी पाणी विचारतात. आमचे शेजारी तात्या चौगुले आधी वजन विचारतात.

“या पावणं. वजन किती?”

यात त्यांचा वाईट हेतू नसतो. हा माणूस उद्या आपल्या जीपमध्ये बसलाच, तर त्याला डावीकडं घालायचा की उजवीकडं, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. पण नव्या माणसाला हे कसं कळावं? माझे व्याही वारणानगरहून पहिल्यांदा आमच्याकडं आले, तेव्हा त्यांना स्टँडवर सोडायला तात्या हौसेनं गाडी घेऊन हजर झाले. व्याही अंगानं भरलेले, चार लोकांत मान असलेला माणूस. ते गाडीत पाय ठेवणार एवढ्यात तात्या भर बोळात ओरडले, “थांबा पावणं! आदी वजन सांगा!” व्याह्यांनी पाय खाली घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. ते शेवटी रिक्षानं गेले. अजूनही सुनेला माहेरहून फोन आला की पहिला प्रश्न येतो, “ते वजनवाले तिथंच राहतात काय गं?”

तात्यांना मात्र त्यात काही चुकलं असं वाटत नाही. “राग कसला त्यात? ट्रक चढतोय की गुमान वजनकाट्यावर!”

तात्यांची सगळी नोकरी एका दूध संघाच्या फाटकावर गेली. टँकर भरलाय की अर्धा आहे, हे ते कागद न बघता, नुसतं गाडीच्या मागून बघून सांगायचे. मागचं बसलं असलं की भरलेला. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. रस्त्यानं चालताना आपण समोरून येणाऱ्याचं तोंड बघतो, तात्या पुढं गेलेल्या गाडीचं बूड बघतात. “मागचं सांभाळा, पुढचं आपसूक जातंय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मागच्या लग्नसराईत बोळातल्या एका नव्या जोडप्यानं वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद म्हणूनही त्यांनी हेच दिलं. पोरगी बिचारी मागं वळून बघायला लागली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, लांब, काळी जीप घेतली. अंगानं रुंद, चालीनं संथ आणि मागनं जरा बसकी. मंगळवार पेठेतला आमचा बोळ नावं ठेवण्यात कुणाला ऐकत नाही. दुसऱ्याच दिवशी तिचं नाव पडलं, म्हस. तात्यांना राग आला नाही. उलट, “दुधाचं मीठ खाल्लंय, म्हशीला नाव कसं ठिवू?” म्हणाले.

ही म्हस आली होती ती लडाखला जाण्यासाठी, आणि त्याचं कारण तात्यांची बायको, शालनवहिनी. वहिनी शाहूवाडीकडच्या एका डोंगरवाडीतल्या. भातलावणीत गुडघाभर चिखलात वाढलेल्या. एकदा तांदूळ निवडत टीव्ही बघत होत्या, पडद्यावर सगळीकडं बर्फ. त्या सहज बोलून गेल्या, “एकदा हातात घिऊन बगायला पायजे बाई, कसं लागतंय ते.” तात्यांनी शब्द दिला, रिटायर झालो की न्हेतो. ते रिटायर झाले, गाडी आली, आणि त्याच वर्षी वहिनींचा मणका सरकला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, प्रवास करायचा तर आडवं पडून, आणि धक्का अजिबात बसता कामा नये.

दुसऱ्या कुणी लडाखचा नाद सोडून घरात बर्फाच्या चित्राचं कॅलेंडर लावलं असतं. तात्या दवाखान्यातनं थेट उद्यमनगरात अस्लम मिस्त्रीकडं गेले. “डाक्टरनं मणक्याचं बघितलं. आता पाट्याचं आपुन बघायचं.”

पाटे म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. तात्यांचं ओझं पेलायला मुळातले पाटे पुरे पडेनात. मागं वहिनींसाठी जाड गादीची खाट, पाण्याची टाकी, तंबू, शेगडी, दोन स्टेपन्या, दोरखंड, आणि वहिनींच्या माहेरच्या तांदळाचं पोतं, कारण “तिकडचा भात हिला मानवायचा न्हाय.” एवढं भरल्यावर म्हस जी मागं बसली, ती पुढून आभाळाकडं बघायला लागली. संध्याकाळी तात्यांनी दिवे लावले, तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्या वडावर पडला आणि वटवाघळं उठली.

तेव्हापासून बोटांचा विधी सुरू झाला. रोज सकाळी आंघोळ झाली की तात्या ओल्या अंगानं गाडीमागं उकिडवे बसतात आणि मागचं चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत बोटं घालतात. चार बोटं आडवी बसली तर दिवस चांगला. तीनच बसली तर चहा कडू. येणारे-जाणारे विचारतात, “काय तात्या, म्हस उठली का?” तात्या न वळता सांगतात, “तीन बोटं.” आणि आम्ही सगळे हळहळल्याचं सोंग करतो.

अस्लम मिस्त्रीनं एक पाटा वाढवला. मग जाड शॉकअप घातले. मग आणखी एक पाटा. चार बोटं बसली! तात्यांनी बोळात पेढे वाटले आणि सामान उतरवून मला गंगावेशीपर्यंत चक्कर मारायला नेलं. पहिल्याच स्पीडब्रेकरला माझं डोकं छताला लागलं. दुसऱ्याला चष्मा उडाला. आम्ही तसेच मिस्त्रीकडं गेलो.

मिस्त्री हसत सुटला. “तात्या, ह्ये पाटं ओझ्यासाठी हाईत. ओझं असलं की लोण्यावाणी चालणार. रिकामी पळवली तर लाथच मारणार की!”

तात्यांनी जरा विचार केला. “मग रिकामी करायचीच न्हाय.”

आणि खरंच केली नाही. तेव्हापासून तात्या कोथिंबीर आणायला गेले तरी बरोबर तंबू, टाकी, दोन स्टेपन्या आणि तांदळाचं पोतं. वीजबिल भरायला गेले तरी पूर्ण लवाजमा. मंडईतले लोक विचारायचे, “कुठं निघालाय ओ?” तात्या सांगायचे, “लडाखला. जाता जाता मिरच्या घेतो.”

आता धक्का बसतो की नाही हे मोजायचं कसं? कुणी म्हणालं, मोबाईलवर मोजता येतं. तात्यांनी ते कानाआड केलं. दुधातला माणूस! त्यांनी आपली रीत काढली. सकाळी कोमट दुधाला विरजण लावायचं, ते गाडगं मागच्या खाटेवर, वहिनींची पाठ जिथं येणार बरोबर तिथं, उशांमध्ये बसवायचं आणि दिवसभर गाडी खड्ड्याखड्ड्यांतनं हिंडवायची. दही हललं की लागत नाही. संध्याकाळी घट्ट लागलं तर पाटा पास, फुटलं तर नापास.

पाटा महिनोन् महिने नापास होत राहिला. त्या उन्हाळ्यात आमच्या बोळानं ताक विकत घेतलं नाही. संध्याकाळी तात्यांची गाडी आली की बायका तांब्या घेऊनच बाहेर यायच्या. आमच्या हिनं तर एकदा स्पष्टच विचारलं, “तात्या, उद्या जरा जास्त खड्ड्यातनं न्या की, घरात पावणं येणार हाईत.”

शेवटी मिस्त्रीनं एक जाड पाटा काढला, दोन पातळ घातले, चाकाच्या दांड्यावर हवेचे फुगे बसवले. आणि एका संध्याकाळी तात्या गाडगं डोक्यावर घेऊन बोळातनं ओरडत आले, “लागलं! दही लागलं!” दह्यात चमचा उभा राहत होता. त्या दिवशी बोळाला ताक मिळालं नाही, पण कुणी तक्रार केली नाही.

राहिली शेवटची परीक्षा, वहिनींसकट. तात्यांनी मुद्दाम वहिनींच्या माहेरची वाट निवडली. “त्या वाडीची वाट पास झाली म्हंजे लडाख पास!” मला बरोबर घेतलं, कारण डाव्या बाजूला माझं वजन फिट्ट बसतं. वहिनी खाटेवर आडव्या, त्यांच्या उशाशी विरजणाचं गाडगं आणि शेजारच्या बाकावर मी.

मोठा रस्ता सुटून आम्ही डोंगराच्या वाटेला लागलो. वाट कसली, पावसानं उकरलेली घळ. तांबडे दगड, मधोमध चर. तात्या म्हशीला खरंच म्हशीसारखं चुचकारत चढवत होते. दर वळणावर आवाज यायचा, “काय गं, बसला का धक्का?”

“न्हाय की,” वहिनी म्हणायच्या.

“आता?”

“काय न्हाय. पाळण्यात झोपल्यागत वाटतंय बगा.”

मी शेजारी बसून बघत होतो. वहिनींनी पदराचा शेव दातांत धरला होता. एका हातानं खाटेची दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तात्यांचा आवाज आला की त्या शेव दातांतनं सोडायच्या, हसऱ्या आवाजात ‘न्हाय की’ म्हणायच्या आणि परत दातांत धरायच्या. मी तोंड उघडायला गेलो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. डोळ्यांतनं पाणी उशीवर ओघळत होतं.

वाडीवर पोचल्यावर तात्यांनी आधी गाडग्याचं झाकण काढलं. दही असं लागलं होतं की सुरीनं कापावं. त्यांनी ते वहिनींच्या भावाला दाखवलं, भावजयीला दाखवलं, गोठ्यातल्या म्हशीलाही दाखवलं असतं. “बगा! केस हललेला न्हाय! आता लडाख!” वहिनी घरात आडव्या झाल्या होत्या. तिथनंच म्हणाल्या, “मी म्हणलंच हुतं की, हुतंय म्हणून.”

परतीला चर पुन्हा लागला, पदर पुन्हा दातांत गेला. घरी आल्यावर तात्यांनी मागचं दार उघडलं, वहिनींना उतरवायला दोन्ही हात पुढं केले आणि थांबले. पदराचा शेव चावून चावून चिंध्या झाला होता. ज्या बोटांनी ते रोज फट मोजत, त्या बोटांत त्यांनी तो शेव धरला, उलगडला, बघितला. मग वहिनींना धरून ते आत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या गाडीमागं बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बोळ चुकचुकायला लागला. मी त्यांच्या घरात गेलो, तर तात्या भिंतीला टेकून बसलेले.

“म्हस उठली का, तात्या?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“दह्याला मणका नसतोय, वसंतराव,” ते म्हणाले. “एवढं साधं मला कळलं न्हाय.”

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. तेवढ्यात आतल्या खोलीतनं वहिनींचा आवाज आला. शालनवहिनी आडव्या पडून बोलल्या तरी बोळाच्या टोकाला ऐकू जातं.

“भाऊजी, त्यास्नी सांगा, लडाख न्हाय झालं तर न्हाय झालं. पर येवढी गाडी केलीया माज्यासाठी, त्यात मी काय एकदाच बसू? रंकाळ्याकडचा रस्ता नवीन केलाय म्हणं. तिकडं न्हेता का इचारा.”

तात्यांनी भिंतीची पाठ सोडली. उठले, बाहेर आले आणि गाडीमागं उकिडवे बसले. “चार बोटं,” ते म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं.

आता रोज संध्याकाळी म्हस रंकाळा तळ्याला निघते. तंबू, टाकी, दोन स्टेपन्या, तांदळाचं पोतं, सगळं बरोबर. इथनं रंकाळा म्हणजे पायी जाण्याइतका, त्याला एवढं सामान बघून नवी माणसं हसतात. हसू द्या. ओझं काढलं की गाडी लाथ मारते, हे त्यांना काय माहीत! तात्या बैलगाडीच्या चालीनं चालवतात. मागं हॉर्न वाजतात, शिव्या येतात, तात्या ढिम्म. डाव्या बाजूला मी असतोच. माझं वजन वाढलं तर आता बायको बोलत नाही, तात्या बोलतात.

परवा पाण्याच्या कडेला गाडी लावून त्यांनी मागचं दार उघडलं. वहिनी खाटेवरनं तळ्याकडं बघत होत्या. तात्या म्हणाले, “आलोच,” आणि बर्फाच्या गोळ्याच्या गाड्यापाशी गेले. मी मागोमाग.

“काडी नको. रंग नको. नुसता बर्फ किस.”

“नुसता?” गोळेवाला बघत राहिला. “कशात देऊ?”

तात्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. ती भरून घेतली आणि बोटांतनं पाणी गळू नये म्हणून मान खाली घालून, एकेक पाऊल जपून टाकत गाडीपाशी आले. वहिनींनी काही न विचारता हात पुढं केले. तात्यांनी बर्फ त्यांच्या ओंजळीत ठेवला.

“कसा लागतोय?”

वहिनींनी बोटं मिटून बर्फ दाबून बघितला. “गार हाय की ओ,” म्हणाल्या.

शेजारी फिरायला आलेल्या कुणा बाहेरगावच्या माणसानं आमची भरलेली गाडी वरपासून खालपर्यंत बघितली. “पावणं, एवढं सामान घिऊन कुठनं आलासा?”

तात्यांनी ओले हात धोतराला पुसले.

“लडाखास्नं,” ते म्हणाले.