डेबोनेर भाचा

एखाद्या शब्दाचं मूळ सांगितलं की समोरचा माणूस गार होतो, हा माझा पंचवीस वर्षांच्या मास्तरकीचा अनुभव! म्हणून भाच्याच्या, योगेंद्रच्या बायोडाटात मी ठसठशीत लिहिलं: ‘मुलगा डेबोनेर.’ बिचाऱ्याला पाच ठिकाणांहून नकार आले होते, आणि ही सहावी, कोसाडची रंजना, त्याला फार म्हणजे फारच आवडली होती.

रविवारी रंजना वडिलांबरोबर आमच्या ताईचं पर्वत पाटियाचं घर बघायला आली. चहा यायच्या आत तिच्या वडिलांनी, हेमराजभाऊंनी, बायोडाटा पुढे केला.

“मास्तर, हे डेबोनेर काय असतं?”

मी याचीच तर वाट बघत होतो! “भाऊ, मूळ जुनं फ्रेंच. ‘द बोन एर’, म्हणजे चांगल्या कुळातला. काही जण म्हणतात, चांगल्या घरट्यातला ससाणा! त्यावरून मग दिसायला रुबाबदार, बोलायला गोड, वागायला अदबशीर.”

“म्हणजे मोठ्यांचा मान ठेवणारा?”

“शंभर टक्के!”

भाऊ खूश! पाया पडून घ्यायला सरसावून बसले. योगेंद्र मात्र सोफ्यावर ढिम्म.

“अरे ऊठ, पाया पड!” मी कुजबुजलो.

“मामा, पँट चिकटली!”

ताई घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम करते. पाहुणे येणार म्हणून तिने साड्या कपाटात कोंबल्या, पण सांडलेला गोंद आणि खडे सोफ्यावरच राहिले होते.

भाऊंचा चेहरा उतरला. “मास्तर, पोऱ्या उठस का नही?”

सरळ खरं सांगायचं ना! पण मी पडलो विद्वान. “भाऊ, ससाणा एकदा बसला की सहजासहजी उठत नाही!”

“मंग बसू द्या त्याले! चाल रंजना!”

रंजना उठली मात्र, योगेंद्रने सगळा जीव एकवटून उसळी मारली. चर्रर्र! दुसऱ्या क्षणी तो भाऊंच्या पायांवर आडवा. पँटचं बूड सोफ्यावर राहिलं, आणि उरलेल्या पँटवर लाल-हिरवे खडे चमचम करत होते.

मला तर मान वर करवेना. रंजना तोंडाला ओढणी लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “बाबा, माझ्यासाठी पँट फाडून उठला हा! मला पसंत आहे. फक्त लग्नात या मामांना कोणाशी बोलू देऊ नका.”

“मंजूर!” असं सगळ्यात आधी कोण ओरडलं असेल? माझी सख्खी बहीण!