ओग्न्यानची माइका

विहीणबाई रशियातल्या सारातोवहून बल्गेरियात आल्या त्या दुपारी, जेवायला बसल्याबसल्या वेलिकाबाईंनी कधीपासून मनात घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं.

"आमचा ओग्न्यान चार वर्षांचा असल्यापासून माइकावाचून वाढलाय."

ओग्न्यान त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण वारली, बाप बोटीवर नोकरीला गेला तो परतलाच नाही, आणि पोर मावशीच्या पदरात आलं. परवा त्याचं लग्न, विहीणबाई क्लावदियाबाईंच्या तायाशी. क्लावदियाबाईंना बल्गेरियन येत नव्हतं, आणि वेलिकाबाई आपलं रशियन शाळेतच विसरून आल्या होत्या. पण लिपी एक, निम्मे शब्द सारखे, मग दुभाष्या कशाला? बल्गेरियनमध्ये माइका म्हणजे आई. रशियनमध्ये माइका म्हणजे बिनबाह्यांचं बनियन. हे मात्र दोघींच्याही गावी नव्हतं.

क्लावदियाबाईंचा चमचा थांबला. "थंडीतसुद्धा?"

"थंडीत तर फारच जाणवायचं त्याला. रडायचा."

"मग एखादी आणायची होती."

"कुठून आणणार?"

"बाजारातून. आमच्याकडे तीन-तीनच्या पाकिटात मिळतात."

वेलिकाबाईंनी हातातला पाव खाली ठेवला. "आमच्याकडे एकच असते, विहीणबाई. गेली की गेली."

"एकच? मग धुवायची कधी?"

"धुऊनच पुरली तिला," वेलिकाबाई कशाबशा म्हणाल्या.

क्लावदियाबाई उठल्या. "ताया, बॅग भर. या घरात बनियनसुद्धा पुरून ठेवतात."

"माझ्या मेलेल्या बहिणीची टिंगल माझ्याच टेबलावर?" वेलिकाबाईही उठल्या.

ताया आणि ओग्न्यान स्वयंपाकघरातून धावत आले. काय झालं ते तायाच्या ध्यानात आलं तशी तिला हसू फुटलं, पण वेलिकाबाईंचा चेहरा बघून तिने ते गिळलं आणि दोघींना दोन्ही अर्थ समजावून सांगितले. क्लावदियाबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मग लेकीच्या मध्यस्थीने विचारलं, "पोराला ताप आला की उशाशी कोण बसायचं?"

"मीच की. दुसरं होतं कोण?"

"शाळेत पोचवायला? धपाटे घालायला?"

"मीच."

"मग विचार यांना," क्लावदियाबाई लेकीला म्हणाल्या, "पोर माइकावाचून वाढलं असं खोटं का सांगत फिरतात?"

तायाला हे बल्गेरियनमध्ये सांगावं लागलं नाही. वेलिकाबाईंनी ओग्न्यानकडे पाहिलं.

"मी कधीच म्हटलं नव्हतं तसं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तूच सांगतेस सगळ्यांना."

"दूध उतू जाईल," असं पुटपुटत वेलिकाबाई लगबगीने आत गेल्या. शेगडीवर काहीच नव्हतं. त्या परत येईपर्यंत कुणी घास उचलला नाही.