ठमाआत्याच्या मरणास मुदतवाढ

कादंबरी ही सार्वजनिक मालमत्ता असून ती एकट्या माणसाच्या हाती सोपवणे धोक्याचे असते, हे सत्य आपल्याकडे अजून पुरेसे रुजलेले नाही. काशीदच्या मागे, डोंगराला लागून असलेल्या एका गावाने मात्र या बाबतीत जी जागरूकता दाखवली, तिची दखल जिल्ह्याने घ्यायला हवी.

हेमांगी याच गावची लेक. गावातच राहते, पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देते आणि उरलेल्या वेळात लिहिते. (शेवटची गोष्ट सोडली तर मुलगी गुणाची आहे.) तिने गावाच्या चार पिढ्यांवर पाच खंडांची कादंबरीमालिका योजली. पात्रं उदंड, सनावळ्यांचा गुंता, म्हणून तिने लॅपटॉपवर कालरेषा आखायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात प्रत्येक पात्राला एक रंगीत पट्टी मिळते. जन्मला की पट्टी सुरू, मेला की संपली, आणि मधल्या लग्नांना, भांडणांना एकेक ठिपका.

खरं तर पाचही खंड तिने एकाच ठिपक्यासाठी मांडले होते. गावातली ठमाआत्या सासरचा मार खाऊन दोनदा माहेरी आली आणि भावांनी तिला दोन्ही वेळा परत नेऊन घातली. तिसऱ्यांदा ती कोणाच्याच घरी गेली नाही, विहिरीवर गेली. गाव म्हणतं, पाय घसरला. एकदा तरी कोणीतरी हे खरं लिहावं म्हणून हेमांगीचा जीव तुटत होता. पहिल्या खंडाच्या शेवटी तिने तो ठिपका ठेवला, लाल रंगाचा.

गणपतीला मुंबईहून आलेल्या प्रणयने, म्हणजे गावाच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीने, तिच्याकडे चहा पिता पिता हा पडदा पाहिला आणि कौतुकाने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. दिवेलागणीपर्यंत गावाने पट्ट्या मोजल्या. वरच्या आळीच्या तेवीस, खालच्या आळीच्या एकोणीस. पालखीला पहिला खांदा कोणाचा, एवढ्यावरून ज्या गावाने देवाला दोन वर्षं देवळातच बसवून ठेवलं, ते गाव ही तफावत कशी खपवून घेणार? दुसऱ्याच दिवशी देवळात सभा भरली आणि 'कथानक वाटप समिती' स्थापन करण्यात आली. अध्यक्षपदी अंबाजीकाका. (हे ठमाआत्याचे सख्खे भाचे, त्या भावांपैकीच एकाचे चिरंजीव. हा मुद्दा कोणी काढला नाही, कारण तो सगळ्यांना माहीत होता.)

समितीने झपाटून काम केलं. दोन्ही आळ्यांना समान जन्म देण्यात आले. प्रेमप्रकरणंही समसमान झाली, फक्त एका आळीतून दुसरीत जाण्यास मनाई. खलनायक कोणीच घरात घेईना, तेव्हा तो बाहेरगावचा आणायचं ठरलं; पण आसपासच्या सगळ्या गावांत सोयरिकी, म्हणून अखेर त्याला समुद्रमार्गे आणण्यात आलं. मुंबई मंडळाच्या आग्रहाखातर पाचवा खंड सन २०६० पर्यंत लांबवून त्यात गावाला विमानतळ मंजूर झाला.

मग प्रणयने देवळाच्या भिंतीवर लावलेल्या पडद्यावर लाल ठिपका आला.

"मरायला आमची हरकत न्हाय," अंबाजीकाका म्हणाले, "पन पयल्याच खंडात कशाला? पयला खंड लोकं वाचतात."

"काका, नो टेन्शन," प्रणय म्हणाला, "ड्रॅग करायचं फक्त. ही बघा, गेली पुढं."

दुसऱ्या खंडात देवळाचा जीर्णोद्धार होता, तिथे विहीर बरी दिसेना. तिसऱ्यात लग्नसराई. चौथ्यात रस्त्याचं उद्घाटन, तेही पाहुण्यांसमोर. पाचव्यात विमानतळाशेजारी विहीर ठेवायला तरुण मंडळाचा विरोध. ठिपका सरकत सरकत पडद्याबाहेर गेला. सॉफ्टवेअरने ठमाआत्याचं वय १३१ दाखवून तांबडा इशारा दिला. प्रणयने सेटिंगमध्ये जाऊन इशारे बंद केले.

हेमांगी उठली. "काका, ती सव्वीस वर्षांची होती."



"व्हय," अंबाजीकाका म्हणाले. "आमाला ठावं हाय. म्हनून तर म्हनतोय पोरी, आता तरी जगू दे तिला."

ठराव एकमताने मंजूर झाला. हेमांगीने मत दिलं नाही, पण लेखिकेला मताधिकार नसल्याने एकमतास बाधा आली नाही. नंतर सगळ्यांना चहा देण्यात आला.

तेव्हापासून ठमाआत्या खुशाल आहे. ज्या गावात ती सत्ताविसावा वाढदिवस पाहू शकली नाही, तिथेच ती शतक ओलांडून विमानाची वाट पाहते आहे, एवढी माया करणारं गाव विरळाच. हेमांगी अधूनमधून तो ठिपका ओढून मागे आणते. पण समितीने फाइल मंडळाच्या खात्यावर घेतली असल्याने प्रणय मुंबईहून तो पुन्हा पुढे ढकलतो.

या कथेत एकही आडनाव नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलं असेल. तसा समितीचाच आदेश आहे. वाचताना 'बरं झालं, हे आपलं गाव नाही' असं वाटून तुम्हाला हायसं वाटलं असेल, तर समिती आपली आभारी आहे. तुमच्याही घरातली कोणी आत्या, मावशी, काकू पाय घसरूनच गेली असेल. तिला कोणत्या खंडात घेऊ नये, तेवढं कळवा.