कडीला लाल चिंधी

आमच्या डोकमर्डीच्या चाळीत पार्वतीसिस्टर लाल चिंध्यांचं बोचकं घेऊन फिरायच्या. ज्या घरातल्या पोराची लस राहिली, त्या दाराच्या कडीला चिंधी! दवाखान्याचं कार्ड बाया पेटीत टाकून विसरायच्या, म्हणून ही युक्ती. सुई टोचली की सिस्टर स्वतः येऊन चिंधी काढायच्या. तोवर येणारी-जाणारी विचारणारच, "काय गं, अजून नेलं नाहीस?" कुणी गयावया केली, तर सिस्टरांचं ठरलेलं, "सोडतेय होय मी?"

तेव्हा सिल्वासाच्या कारखान्यांत कामाला खानदेशातून नवी नवी बिऱ्हाडं येत होती. त्यातलीच सिंधू. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. तिनं काय पाहिलं, तर जिथं पोर तिथं चिंधी. नवसाचीच असणार! बांधली की हो आपल्याही कडीला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दारात. "पोर कुठाय?"

"अजून नाही. होईल म्हणून बांधली."

मला हसू आवरेना. सिस्टर हसल्या नाहीत. "असू दे. झालं की पहिलं मला कळव."

आणि झाली हो मुलगी! सगळे डोस वेळेवर. गोवराची सुई तेवढी राहिली, कडीला सिस्टरांची चिंधी लागली आणि नवरा निघाला भावाच्या लग्नाला, शिरपूरकडे. तिकडे गावात गोवराची साथ. तरी हा म्हणतो, "सुईनं लग्नात ताप आला म्हणजे?" चिंधी ओढून फेकली आणि बायको-पोरीला घेऊन गेला स्टँडवर.

मी सिस्टरांना सांगितलं मात्र, त्यांनी लशींचा बर्फाचा डबा उचलला, मला ओढलं आणि थेट बसमध्ये चढल्या.

नवरा ओरडला, "ओ ताई, गाडी सुटी ऱ्हायनी!"

"सुटू दे. सोडतेय होय मी?"

तो आडवा आला. सिंधूनं त्याला कोपरानं सारलं, पोरीचं झबलं वर केलं. "टोचा ताई."

टोचलं. पोरीनं बस डोक्यावर घेतली.

"ताप आलाच तर कळव," सिस्टर म्हणाल्या, "मी येऊन बसेन तिच्यापाशी."

"तापाला कशाला? लग्नालाच या ना," सिंधू म्हणाली.

परतताना सिस्टर माझ्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "काकू, मला कुणी लग्नाकार्याला बोलावत नाही हो. मला बघून पोरं रडतात ना."

दोन दिवसांनी सकाळीच कडी वाजली. सिस्टर उभ्या, हातात घडी न मोडलेली जांभळी साडी.

"पोरीला ताप आलाय का, तेवढं बघून येते म्हटलं," त्या म्हणाल्या. "ही नेसले तर फार भडक दिसेल का हो?"