जुनी ठेवायची की नवीन घ्यायची?

विदारने जे केलं ते मदत म्हणून केलं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे तसं कोणालाच वाटलं नाही.

स्वीडनमधल्या सुंड्सवाल गावात, त्यांच्या इमारतीत अठरा बिऱ्हाडं आणि तळघरात कपडे धुण्याची एकच खोली. तिथली वेळ आधी नोंदवावी लागते, आणि दुसऱ्याच्या वेळेत नुसता मोजा टाकला तरी लोक दहा वर्षं लक्षात ठेवतात. ही नोंदणी चालायची विदारच्या थोरल्या भावाच्या, हेनिंगच्या घरातल्या सर्व्हरवर. कोटांच्या कपाटात, बुटांच्या मागे ठेवलेला चौदा वर्षांचा डबा तो. वेळ संपली की तळघरातल्या स्पीकरमधून खुद्द हेनिंगचा आवाज यायचा, "वेळ संपली. कपडे काढा. जाळीतला कचरा काढा. आभारी आहे."

हा आवाज बंद करा म्हणून हेनिंगच्या हयातीत दारावर सात चिठ्ठ्या लागल्या होत्या. एप्रिलमध्ये तो गेला आणि चिठ्ठ्या थांबल्या. (दुखवट्याच्या कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या. त्याच पाकिटात सायकली लावण्याचे नवे नियमही घातले होते. तेवढाच एका पाकिटाचा खर्च वाचला.)

सप्टेंबरात सोसायटीच्या अध्यक्ष मायकेन हेनिंगच्या बायकोकडे, इल्वाकडे आल्या.

"इल्वा, त्या यंत्रातली सिस्टिम फार जुनी झालीय. सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालंय. शनिवारपर्यंत नवी बसव, नाहीतर आपण ॲप घेऊ."

"मग त्याचा आवाज?"

"ॲपमध्ये आवाज नसतो," मायकेन म्हणाल्या, आणि क्षणभर फार समाधानी दिसल्या.

विदार स्वयंपाकघरात दालचिनीचा बन खात बसला होता. वहिनी धुतलेलेच टॉवेल पुन्हा धुवायला नेते आणि तासभर खाली बसून राहते, हे त्याने पाहिलं होतं. कोणाला बोलला मात्र नव्हता. तो भरल्या तोंडाने म्हणाला, "मी करतो. दहा मिनिटांचं काम."

"तुला येतं?" वहिनीने विचारलं.

"रोज टायर बदलतो ना मी? जुना काढायचा, नवा बसवायचा."

(नववीनंतर शाळेने त्याला आणि त्याने शाळेला सोडलं होतं. कोणीच मागे वळून पाहिलं नव्हतं.)

शुक्रवारी टायरच्या दुकानातून येऊन चार वाजता तो कपाटात गुडघे टेकून बसला. हेनिंगचा हिवाळी कोट अजून तिथेच होता. त्याची बाही सारखी विदारच्या डोक्यावर येई. त्याने ती बाजूला केली, ती परत आली.

"मला कळतं," विदार बाहीला म्हणाला. "तू गप्प बस."

पडद्यावर प्रश्न आला, सगळ्या माहितीची प्रत काढून ठेवली आहे का? विदारने 'हो' दाबलं. (माणसांशी खोटं बोलताना तो अडखळायचा. यंत्राची कसली भीड?) मग दुसरा प्रश्न आला. या फाइलमध्ये तुम्ही स्वतः बदल केलेले आहेत. जुनी ठेवायची की नवीन घ्यायची?

एप्रिलपासून जो तो हेच विचारत होता. कोट ठेवायचा का? सायकल ठेवायची का? दारावरचं नाव ठेवायचं का? आता हा डबाही. विदारच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने 'नवीन' दाबलं. यंत्राने पुढच्या फाइलचं विचारलं. त्याने पुन्हा 'नवीन' दाबलं. असं अकरा वेळा झालं.

"झालं," तो बाहेर येऊन म्हणाला. "आता वीस वर्षं बघायला नको."

नव्या सिस्टिमने कोरी वही उघडली होती. जुन्या नोंदी गेल्या, आणि शनिवारी सकाळी सातची वेळ मोकळी असल्याचं अठराही घरांना आपोआप कळवण्यात आलं. सहा जण पिशव्या घेऊन हजर झाले. दुसरीकडे कुठे असतं तर हातघाई झाली असती. इथे सहाही जण जमिनीकडे बघत उभे राहिले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या दाढीवाल्याने कागद काढला, 'प्रिय शेजारी, माझी वेळ कोणीतरी घेतली आहे' असं लिहिलं, खाली हसरा चेहरा काढला आणि कागद दारावर चिकटवला. प्रिय शेजारी दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. त्याने तो वाचला आणि उत्तर लिहायला घेतलं. आठ वाजेपर्यंत चार चिठ्ठ्या झाल्या.

"अहो, तोंडाने बोला की," विदार म्हणाला. तो विजार न घालता आल्यासारखे सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"हे तुझं काम का रे?" मायकेननी विचारलं.

"सिस्टिम नवीन आहे. होईल सवय."

तेवढ्यात आठ वाजले. इल्वा टॉवेलांची पिशवी धरून स्पीकरकडे बघत होती. स्पीकर 'टिंग' म्हणाला. बस, एवढंच.

"कुठे गेला?" तिने विचारलं.

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काहीच नाही वाटलं. मी नुसता दाबत गेलो."

कोणी हसलं नाही. मायकेनसुद्धा हळूच म्हणाल्या, "मला तो आवाज कधी आवडला नाही. पण हे टिंग म्हणजे..."

इल्वा वर गेली आणि कपाटासमोर एक डिस्क घेऊन बसली. विदार मागोमाग आला. त्या डिस्कवरून अकराही फाइली परत घातल्या. या वेळी प्रत्येक प्रश्न वहिनीने मोठ्याने वाचला आणि तिने मान हलवल्याशिवाय विदारने काही दाबलं नाही. सिस्टिम नवी राहिली, बाकी सगळं जुनं.

अकरा वाजता दोघं खाली गेली. सहाही जण अजून तिथेच होते. का, ते कोणी सांगितलं नाही. स्पीकर खरखरला.

"वेळ संपली. कपडे काढा. जाळीतला कचरा काढा. आभारी आहे."

दाढीवाल्याने वाकून मुकाट्याने जाळी साफ केली. मायकेननी नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "जरा हळू बोलता आलं असतं त्याला."

विदारने वहिनीच्या पिशवीतल्या टॉवेलने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

"त्याने प्रत ठेवलीय, हे तुला कसं माहीत?" त्याने विचारलं.

इल्वाने खिशातून डिस्क काढून उलटी केली. मागे हेनिंगच्या चौकोनी अक्षरात लिहिलं होतं, 'विदार अपग्रेड करेल. त्यानंतर वापरणे.'

आणि खाली बारीक अक्षरात, 'आणखी दोन प्रती आहेत. कुठे, ते त्याला सांगू नये.'